प्रार्थनेतला पेसामिनो

सवाई बेट,
मंगळवार, सकाळचा कोको पिऊन झाल्यावर

आदरणीय सिनाआलीई ताई,

धाकट्या भावाचा, एलेकानाचा, प्रभू येशूच्या नावाने सलाम. इकडे आम्ही सगळे त्याच्या कृपेने सुखरूप आहोत (माझा उजवा हात सोडून, त्याची हकीकत पुढे येईल) आणि तिकडे ऑकलंडला तू, भावोजी आणि मुलंबाळं खुशाल असाल अशी आशा करतो. भावोजींचा गुडघा कसा आहे? तिकडची थंडी एकदा गुडघ्यात शिरली की उन्हाळ्यापर्यंत मुक्काम हलवत नाही, असं ऐकून आहे. त्यांना म्हणावं, उपासनेत उभं राहवत नसेल तर बसून राहा, देव बसलेल्यांचीही हजेरी लावतो. (ते आधीपासूनच बसून राहत असतील तर हे सांगू नको. उगाच आधार मिळेल.) अक्षर वेडंवाकडं आहे त्याबद्दल माफ कर, डाव्या हाताने लिहितो आहे.

वर्षभर तुला माझी एक ओळ नाही. फोनही नाही. फोनचं कारण सोपं आहे. आपल्या वाडीत रेंज मिळते ती एकाच जागी, शेजारच्या पेसामिनोच्या आंब्याखाली, आणि त्या आंब्याखाली पाय ठेवायचा नाही अशी मी शपथ घेतली होती. (शपथ घ्यायची नसते हे मला ठाऊक होतं. पाळकांनी ते मला नव्याने सांगितलं.) पत्र न लिहिण्याचं कारण मात्र तू मनोमन जाणून आहेस. काकांच्या माघारी घराण्याचं मताईपद, म्हणजे प्रमुखाचा मान, कुणाला द्यायचं हे ठरवायला सगळं गोत जमलं, तेव्हा लेकीबाळींच्या बाजूने बोलायचा मान तुझा होता, आणि तू फोनवरून एकच नाव घेतलंस. ते माझं नव्हतं. मी सख्खा भाऊ, पेसामिनो चुलत. त्या सभेबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. (फोन पेसामिनोच्या बायकोने हातात धरला होता आणि फोनची पाठ माझ्याकडे होती, एवढं फक्त नमूद करतो.)

ताई, त्या दिवसापासून माझ्या संसारात जे जे बिघडलं त्याचं खापर फोडायला मला एक कायमचं डोकं मिळालं. नीरफणसाचं फळ माझ्या पाण्याच्या टाकीवर पडून टाकी फुटली. झाड माझं, टाकी माझी, पण वारा त्याच्या बाजूने आला होता. होडीचं इंजिन बसलं. त्यात पेट्रोल म्हणून रॉकेल मीच ओतलं होतं, हे खरं. पण मी ओतत असताना तो गडग्यापलीकडे उभा राहून बघत होता, आणि बघणाऱ्या माणसाने सांगायला नको? (त्याने सांगितलं होतं, असं आता कळतं. मी त्याच्याशी बोलत नसल्यामुळे ऐकलं नव्हतं.) ईस्टरला गायनमंडळात ऐन सुरात माझा आवाज फाटला, तर तो माझ्या मागे उभा राहून मुद्दाम श्वास घेत होता असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मला तर अंगणाचीही गरज नव्हती, एक पेसामिनो पुरे होता. त्याला पद द्यायचा समारंभही माझ्यामुळे अडून बसला. सगळं गोत एका छपराखाली बसल्याशिवाय तो होत नाही, आणि मी बसायला तयार नव्हतो. बिचारा वर्षभर निवडलेला आणि बिननावाचा राहिला, लग्न ठरून वरात न निघालेल्या नवऱ्यासारखा.

आता आपल्या गावची संध्याकाळ आठव. सूर्य टेकला की शंख फुंकतात, सा लागते, म्हणजे प्रार्थना संपेपर्यंत घराबाहेर पडायची बंदी, आणि गावात चिटपाखरू हलत नाही. दांडगी पोरं रस्त्याच्या दोन्ही टोकांना हात बांधून उभी, आणि प्रत्येक घरात दिवा, गीत आणि यजमानाची प्रार्थना. घरांना भिंती नाहीत, नुसते खांब. त्या शांततेत एका घरातली प्रार्थना दहाव्या घरात ऐकू जाते, मग शेजारच्या घरात जाईल यात नवल काय. मी पेसामिनोशी बोलत नव्हतो. पण देवाशी बोलायला कुणाची बंदी आहे? एका संध्याकाळी मी डोळे मिटून म्हणालो, 'हे प्रभू, तू सर्वज्ञ आहेस. माझ्या अळूच्या मळ्यात कुणाचं डुक्कर शिरतं, हे तुला मी सांगायला नको.' पण तेवढ्यावर न थांबता सांगितलंच, गडग्यापलीकडच्या घराचं नाव घेऊन. आमेन म्हणून डोळे उघडले तोच पलीकडून पेसामिनोचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरासा वर चढलेला: 'हे दयाळू पित्या, तुझे आभार मानतो की गडग्याचा दगड कोणत्या बाजूने निखळला हेही तुला दिसतं. काहींना दिसत नाही. त्यांना दृष्टी दे.'

झालं. त्या दिवसापासून आम्ही दोघे भाऊ रोज संध्याकाळी देवामार्फत बोलू लागलो. मी म्हणायचो, प्रभू, ज्यांचा कोंबडा मध्यान्ही आरवतो त्यांना सुबुद्धी दे. तो म्हणायचा, प्रभू, जे मध्यान्हीपर्यंत झोपतात त्यांना कोंबड्याचा राग येऊ देऊ नको. मी नम्रतेसाठी प्रार्थना करायचो, त्याच्या नम्रतेसाठी. तो माझ्या आवाजासाठी करायचा. गीत आटपून पोरं झोपायला टेकायची, भाजलेलं अळू थंड व्हायचं, आणि आमचं आमेन काही केल्या यायचं नाही, कारण शेवटचं आमेन ज्याचं, शेवटचा शब्द त्याचा. पलीकडच्या आळीतली माणसं आपली प्रार्थना लवकर आटोपती घेऊ लागली, आमची ऐकता यावी म्हणून. मला वाटायचं, गावात भक्ती वाढते आहे.

हे सगळं माझी बायको टाउसाला वर्षभर ऐकत होती. तुझी भावजय बोलायला कमी, हे तुला माहीत आहे. एका सोमवारी सकाळी तिने शिलाईचं यंत्र पोत्यात बांधलं, चांगली मोठी कढई वर ठेवली आणि बसची वाट बघत रस्त्याच्या कडेला बसली. मी विचारलं, कुठे? तर म्हणाली, 'माहेरी. अहो, लग्न झालं तेव्हा या घरात आपण दोघं होतो आणि तिसरा देव होता. आता प्रार्थनेला बसलं की तुम्ही, मी आणि पेसामिनो. देवाला बूड टेकायला जागा नाही. पेसामिनो प्रार्थनेतून बाहेर पडला की निरोप धाडा, मी येते.' एवढं बोलून ती बसमध्ये चढली. ड्रायव्हरने गाण्याचा आवाज कमी केला होता, त्यालाही ऐकायचं होतं. आणि ताई, तुला सांगायला लाज वाटते, बस वळणाआड गेली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? की ही पेसामिनोची करणी.

बायको गेली आणि मी हातघाईवर आलो. रात्री घरात दिवा एकटा, कढईच्या जागी गोल डाग. पोरं माझ्या हातचं खाऊन दुसऱ्या दिवशी मावशीकडे जेवायला पळाली. पुढच्या संध्याकाळी मी असा काही प्रार्थनेला बसलो की गडग्याचे उरलेले दगडही थरथरले असतील. म्हणालो, 'हे न्यायी परमेश्वरा, आता सोक्षमोक्ष कर. माझ्या गडग्याचा दगड ज्या हाताने काढला, ज्याच्यामुळे डुक्कर आत आलं, मळा गेला, शांती गेली आणि बायको गेली, तो हात सुजू दे. उद्याच सुजू दे.' पलीकडून त्या दिवशी उत्तर आलं नाही. मी खूश झालो. म्हटलं, घाबरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडी ओढायला गेलो. होडीत नांगर म्हणून एक दगड ठेवलेला असतो, तो उचलायला हात खाली घातला, आणि दगडाखालून निघालेल्या घोणीने माझ्या उजव्या हाताला असा काही डंख केला की मी किनाऱ्यावर तीन भाषांत ओरडलो, त्यातल्या दोन मला येत नाहीत. दुपारपर्यंत हात नीरफणसाएवढा. मी वाळूत बसून त्या दगडाकडे बघत होतो. त्याच्या एका अंगाला पांढरा चुना होता. महिला मंडळाने नाताळात गावातले सगळे गडगे रंगवले होते ना, तोच चुना. आणि मग मला आठवलं. पहिला नांगर बुडाला त्या दिवशी घाईत मीच गडग्यातून एक बरासा दगड काढून नेला होता, मागून लावू म्हणून. ताई, मी पस्तीस-चाळीस वर्षं प्रार्थना करतो आहे. पाऊस मागितला, मासे मागितले, मताईपद मागितलं. इतक्या तातडीने आणि इतक्या काटेकोरपणे माझी एकही प्रार्थना आजवर ऐकली गेली नव्हती.

मी पाळकांकडे गेलो. आपले नवे पाळक, सेकाराया, अंगाने बारीक आहेत पण बोलणं जड. त्यांच्या बायकोने कढत पाण्यात माझा हात बुडवला आणि मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ते माझ्यासाठी रडतील. ते हसले. बराच वेळ हसले, डोळे पुसले, मग म्हणाले, 'एलेकाना, तुझी प्रार्थना मी रोज ऐकतो. माझ्याही घराला भिंती नाहीत. त्यात देवासाठी असलेला एकच शब्द मला सापडला आहे, तो आमेन. बाकी सगळं पेसामिनोला उद्देशून. देवाला तू टपालवाला करून ठेवलंस.' मी म्हटलं, पण पाळकसाहेब, त्याचं काहीच चुकत नाही का? ते म्हणाले, 'चुकत असेल. ते तो देवाला सांगेल. तू आठवडाभर एवढंच कर. प्रार्थनेत तुझ्याखेरीज कुणाचंही नाव घ्यायचं नाही. तक्रार चालेल, रडणं चालेल. फक्त माणूस एकच, तू.' मला ते इतकं सोपं वाटलं की मी म्हटलं, एवढंच? औषध वगैरे काही नाही? (बाईंनी औषध दिलं. झोंबणारं होतं.)

त्या संध्याकाळी शंख वाजला. पोरं परत आली होती, गीत झालं, मी डोळे मिटले आणि म्हणालो, 'हे प्रभू.' आणि पुढे काही नाही. ताई, मी शोधलं. जिभेवर जे जे वाक्य आलं त्याच्या टोकाला पेसामिनो लोंबत होता. टाकी फुटली म्हणावं तर तो, इंजिन म्हणावं तर तो. तो काढला की वाक्यच उरायचं नाही. मी गप्प बसलो. बाहेर समुद्राचा आवाज, घरात पोरांचा श्वास. आणि त्या गप्प बसण्यात हळूहळू एकेक गोष्ट वर आली, तळातला गाळ वर यावा तशी. मला ते पद हवं होतं. पेसामिनोने ते माझ्याकडून घेतलं नव्हतं, ते मला मिळालं नव्हतं, एवढंच. का मिळालं नव्हतं हेही मला माहीत होतं. काका आजारी असताना त्यांना आंघोळ कोण घालायचं? तो. मी त्या दिवसांत मासे पकडत होतो, आणि मासे नसायचे तेव्हाही पकडत होतो. मला वाटलं, ज्याला मी रोज प्रभू प्रभू म्हणतो त्याने सगळ्या जगाचा दोष मुकाट्याने आपल्या खांद्यावर घेतला, आणि मला माझा स्वतःचा एक दगडाएवढा दोष उचलवत नाही. तो मी शेजाऱ्याच्या अंगणात टाकतो. मग ताई, मला रडू आलं. आवाज न करता, जसं बाप्ये लोक रडतात तसं, खांबाला टेकून, मान खाली घालून. आणि खरं सांगतो, दुःख झालं नाही. हलकं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा त्या घरात देव येऊन बसला असं वाटलं आणि त्याच्या येण्याने माझी अडचण झाली नाही.

आता पलीकडे काय चाललं होतं ते ऐक (हे मला मागाहून त्याच्या बायकोने सांगितलं). पेसामिनो आपलं उत्तर तयार करून बसला होता. माझं 'हे प्रभू' त्याने ऐकलं आणि तो थांबला. मी पुढे बोलेना. तो आणखी थांबला. त्याची बायको म्हणाली, आज मुद्दा मोठा दिसतो. पण जसजसा वेळ जाऊ लागला तसतसा त्याचा चेहरा बदलला. आपले बाबा कसे गेले ते तुला आठवतं. असेच संध्याकाळच्या प्रार्थनेत, 'हे प्रभू' म्हणाले आणि मान खाली. पेसामिनो तेव्हा लहान होता, आपल्याच घरी बाबांच्या मांडीशी बसलेला असायचा. तो एकदम उठला. बायको म्हणाली, अहो, सा आहे, कुठे निघालात? तो गडग्याकडे धावत सुटला. निखळलेल्या दगडाच्या खिंडीत पाय अडकून आपटला, कमरेला गुंडाळलेला लावालावा तिथेच राहिला (पुढचं वर्णन बहिणीला लिहिण्यासारखं नाही, सुदैवाने अंधारलं होतं आणि सदरा लांब होता), आणि माझ्या घरात शिरून त्याने माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. 'एलेकाना! अरे बोल! काहीतरी बोल! मला शिव्या दे, पण बोल!'

मी डोळे उघडले. म्हटलं, मी प्रार्थना करतो आहे. तो म्हणाला, 'अशी? आवाज न करता? मेला नाहीस?' मी म्हटलं, नाही. तो तिथेच माझ्यासमोर मटकन बसला आणि दम खात राहिला. वर्षभरानंतर आमच्यातलं पहिलं बोलणं हे. पोरं आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. मी माझ्या खांद्यावरचा टॉवेल त्याला दिला, त्याने तो गुंडाळला. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाची दांडगी पोरं आली आणि म्हणाली, काका, सा मोडलीत, उद्या सभेत या. तो म्हणाला, येतो. माझं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावच्या मताईंची सभा बसली. वडीलधाऱ्या मताईंनी विचारलं, सा कुणी मोडली? पेसामिनो म्हणाला, मी. का? तर म्हणाला, कारण काही नाही, चूक झाली, दंड मान्य आहे. ताई, मी बाहेर ओट्याखाली पदाशिवायच्या माणसांत बसलो होतो. तिथून बोलायची रीत नाही. पण मी उठलो. म्हटलं, चूक त्याची नाही, माझी आहे. मी गप्प बसलो म्हणून तो धावला. वडील म्हणाले, गप्प बसणं हा आपल्या गावात गुन्हा नाही. दुसरे म्हणाले, एलेकानाच्या बाबतीत असू शकतो. तिसरे म्हणाले, रोज बोलतो तेव्हा दंड केला नाही आणि आज गप्प बसला तर दंड कसा करायचा? यावर दुपारपर्यंत चर्चा चालली. सभेत प्यायचा कावा दोनदा कालवावा लागला. शेवटी ठरलं की दंड एकच, एक डुक्कर, तो एलेकानाने द्यायचा, आणि गडगा दोघांनी मिळून बांधायचा. मी माझं डुक्कर दोरी लावून निघालो. तर पेसामिनोच्या गडग्याशी आल्याबरोबर डुकराने मला हिसका मारून ओढलं आणि खिंडीतून आत, सरळ माझ्या अळूच्या मळ्यात, अगदी रोजच्या पायवाटेने जावं तसं. आख्खी सभा मागे उभी राहून बघत होती. पेसामिनोने मात्र पाठ फिरवून खोकल्याचं निमित्त केलं.

ही बातमी टाउसालाच्या माहेरी माझ्या निरोपाआधी पोचली, कारण तो ड्रायव्हर. शनिवारच्या बसने ती आली. यंत्र आलं, कढई आली नाही. मी समजलो, कढई अजून वाट बघते आहे. संध्याकाळी शंख वाजला, दिवा लावला, ती खांबाशी पाय मुडपून बसली आणि डोळे मिटले. तीन दिवस मी सांभाळलं होतं, फक्त स्वतःबद्दल बोललो होतो (विषय एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं). त्या संध्याकाळी मी आभार मानायला बसलो. पोरांबद्दल मानले, हाताची सूज उतरते आहे त्याबद्दल मानले, घरात परत आलेल्या माणसाबद्दल मानले. सगळं नीट चाललं होतं. आणि मग माझ्याही नकळत तोंडून निघालं, 'आणि प्रभू, पेसामिनो.'

टाउसालाने एक डोळा उघडला. पलीकडे पेसामिनोच्या घरातलं गीत अर्ध्यावर तुटलं. मी एकदा म्हटलेलं नाव परत तोंडात घालू शकत नव्हतो. मी म्हणालो, 'पेसामिनोबद्दल तुझे आभार. तो माझ्यासाठी धावला. मी त्याच्यासाठी कधी चाललोही नव्हतो. त्याला सांभाळ. त्याचा गुडघा खरचटला आहे, तो बरा कर.' आणि थांबलो. मग पलीकडून त्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा खूप खाली: 'आमेन.' माझं आमेन अजून व्हायचं होतं. पण मी ते म्हटलं नाही. त्याचंच राहू दिलं. टाउसालाने डोळा मिटला. सकाळी कोको उकळताना ती म्हणाली, 'नाव आलंच शेवटी.' मी म्हटलं, आलं. ती म्हणाली, 'असं आलं तर येऊ दे. कढई सोमवारच्या बसने मागवते.'

तर ताई, असं आहे. मी देवाचा फार ऋणी आहे, आणि घोणीचाही थोडा आहे. अजून सवय पूर्ण गेलेली नाही. काल अंगणात ठेच लागली तर तोंडातून 'पे' एवढं निघालं, मग मी ते 'परमेश्वरा' करून टाकलं. पेसामिनो आणि मी रोज दुपारी गडगा बांधतो. तो म्हणतो मला दगड बसवता येत नाही. मी म्हणतो त्याला बोलता येत नाही. पलीकडच्या आळीची माणसं नाराज आहेत, त्यांच्या संध्याकाळी फार लवकर संपतात. भावोजींना माझा सलाम, भाचरांना मुके. तुझ्या प्रार्थनेत मला ठेव. तक्रार असली तरी चालेल.

तुझा
एलेकाना

ता. क. मुख्य काम लिहायचंच राहिलं. पेसामिनोला पद द्यायचा दिवस ठरला आहे, पुढच्या महिन्यात, आणि मी बसणार आहे. त्या दिवशी आपल्या घराकडून बारीक विणीची एक चटई त्याला द्यावी लागेल. घरात तशी एकच आहे, आईने नजर जाईपर्यंत विणलेली, लाल पिसांच्या कडेची. आईने ती तुझ्या नावाने ठेवली, मी फक्त राखण करतो आहे. खरं म्हणजे पद मला मिळेल त्या दिवशी माझ्या अंगावर घ्यायला म्हणून राखत होतो. ती त्याला द्यावी असं मला वाटतं. तुझी परवानगी असेल तर कळव. नसेल तरी मला वाईट वाटणार नाही.

ता. क. दुसरा. त्या सभेत तू बरोबर नाव घेतलंस. हे वर लिहायला हवं होतं, पण वर धीर झाला नाही.

ता. क. तिसरा. टाउसाला पाठीमागून वाचते आहे आणि म्हणते, खरं लिहा. तर खरं असं की चटई मी कालच त्याला नेऊन दिली. तो एकटा दगड लावत होता आणि मला महिनाभर थांबवेना. त्याने हात धुतले, मान देऊन घ्यावी तशी चटई डोक्यावर धरली आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. तुला आधी विचारायला हवं होतं. यात टाउसालाची चूक नाही, टपालाची नाही आणि पेसामिनोची तर नाहीच. माझी आहे.